हिमालय आहे तिथंच आहे

सोलापुरात त्या काळी उत्तर दिशा नक्की कुठे आहे, हे दोघांनाच ठाऊक होते. एक आकाशातला ध्रुव आणि दुसरे आमचे भूगोलाचे मास्तर. त्या दोघांत कधी मतभेद झालाच असता, तर आमच्या अख्ख्या वर्गाने बेलाशक मास्तरांची बाजू घेतली असती आणि ध्रुवाला जरा सरकून बसायला सांगितले असते. तसे मास्तर आम्हांला सगळेच विषय शिकवीत, कारण मराठी शाळेत एक अख्खा वर्ग एकाच मास्तरांच्या गळ्यात बांधलेला असे. पण भूगोल सोडून बाकीचे सगळे विषय त्यांच्या लेखी भूगोलाचे मांडलिक होते. इतिहास म्हणजे कोण कुठल्या दिशेने आला आणि मार खाऊन कुठल्या दिशेने गेला, एवढेच. गणितात दोन आगगाड्या समोरासमोरून यायला लागल्या की मास्तर आधी विचारीत, "यातली पूर्वेकडून कुठली येतेय?" पुस्तकात ते दिलेले नसे. मग गणितच अपुरे आहे असा निकाल देऊन ते पुढच्या पानावर जात. आमची त्याला मुळीच हरकत नसे.

अंगाने मास्तर सडपातळ आणि उंच. बंद गळ्याचा कोट, काळी टोपी, आखूड धोतर आणि हातात बांबूची एक लांब काठी. ही काठी मारण्यासाठी नव्हती, जग दाखवण्यासाठी होती. मारायचे झाले तर ते कान धरीत, आणि तोही दिशा सांगून. "डावं" आणि "उजवं" हे दोन शब्द आमच्या वर्गात शिव्यांसारखे होते. कुणाच्या तोंडून चुकून निघालेच, तर मास्तरांचा चेहरा कडू औषध प्यायल्यासारखा होई. ते म्हणत, "डावं-उजवं हे माणसाचं असतं रे. माणूस फिरला की तेही फिरतं. दिशा कुणासाठी फिरत नाही." त्यामुळे उत्तरेकडे तोंड असले की आम्ही पाटी पश्चिमेकडच्या हातात धरून पूर्वेकडच्या हाताने लिहीत असू. "उत्तरेकडचा कान पुढं कर," असे म्हटल्यावर मल्लप्पा नावाचा आमचा एक अक्कलकोटकडचा दोस्त हळूच फिरून उभा राही. कालचा पिळलेला कान दक्षिणेला जाई आणि आजचा ताजा कान उत्तरेला येई. ही लबाडी मास्तरांना पहिल्या दिवशीच कळली होती. पण मुलाला दिशा बरोबर कळल्याचा त्यांना इतका आनंद होई की पिळायला धरलेला कान ते नुसता हलवून सोडून देत.

नकाशा भिंतीवर टांगणे हा तर त्यांच्या मते महापातकाचाच एक प्रकार होता. "भिंतीवर टांगला की पोराला वाटतं, उत्तर म्हणजे वर. मग ते जन्मभर हिमालय आढ्याला शोधतं." म्हणून वर्गाच्या मधोमध हिंदुस्थानचा भलामोठा कापडी नकाशा जमिनीवर अंथरलेला असे. त्याचे उत्तरेचे टोक अगदी बरोबर उत्तरेला, आणि भोवती आम्ही सतरंजीवर कोंडाळे करून बसलेलो. जो ज्या दिशेला बसे तेच त्याचे नाव. हजेरीदेखील तशीच होई. मल्लप्पा दक्षिणेला बसे म्हणून तो "दक्षिण". विणकरांच्या घरचा व्यंकटेश, जो घरी तेलुगू, गल्लीत दखनी आणि शाळेत आमच्याहून बरी मराठी बोले, तो "पश्चिम". दिशा आठ आणि पोरे भरमसाट, त्यामुळे एकेका दिशेला थोरला, मधला, धाकटा असे भाऊबंद झाले होते. मी "ईशान्य धाकटा". माझे खरे नाव मास्तरांना ठाऊक होते की नाही, याची मला आजही शंका आहे.

आमच्या या विद्येची खरी कसोटी कवायतीच्या तासाला लागे. कवायत घ्यायला पलटणीतून निवृत्त झालेले एक हवालदार येत. पहिल्याच दिवशी त्यांनी "डावीकडं वळ" म्हणून आरोळी ठोकली आणि सगळा वर्ग गोंधळून तसाच उभा राहिला. मल्लप्पाने अदबीने विचारले, "डावीकडं म्हंजी कुटं, हवालदार? उत्तरेला का दक्षिणेला?" हवालदार लाल झाले. "आरं, डावा हात न्हाय व्हय तुला?" मल्लप्पा म्हणाला, "हाय की. पर तो आत्ता पूर्वेला हाय." त्या दिवशी शिक्षा म्हणून आम्ही सगळ्यांनी मैदानाला वेढे घातले आणि तेही पूर्वेकडून पश्चिमेकडे की पश्चिमेकडून पूर्वेकडे, हे ठरवण्यात पहिला वेढा गेला.

हे वेड शाळेतच राहिले असते तर ठीक होते. पण मास्तरांनी लावलेले वळण कधी सुटले नाही. पुढे नोकरीच्या गावी माझी एक दाढ किडली. डॉक्टरांनी कुठली म्हणून विचारले, तेव्हा मी उत्तरेकडे तोंड करून बसलो होतो. मी सरळ सांगून टाकले, "खालची, पश्चिमेकडची." डॉक्टर हसले आणि पश्चिम कुठे आहे ते विचारायला बाहेर कंपाउंडरकडे गेले. तेवढ्यात त्यांच्या हाताखालच्या माणसाने खिडकीचा उजेड यावा म्हणून माझी खुर्ची दक्षिणेकडे वळवली. परत आल्यावर डॉक्टरांनी मोठ्या आत्मविश्वासाने पश्चिमेकडची दाढ उपटली. ती ठणठणीत होती. तोंडात कापसाचे बोळे कोंबलेले, त्यामुळे मला नुसते हातवारे करता आले, आणि त्याचा अर्थ त्यांनी भलताच लावला. घरी आल्यावर बायको म्हणाली, "त्या तुमच्या मास्तरांना एकदा बघायचंय मला." तिच्या आवाजावरून ते नमस्कारासाठी नसावे.

मास्तरांच्या घरीही हाच कारभार. ते नेहमी पूर्वेकडे तोंड करून जेवायला बसत. ताटात उत्तरेला मीठ, लिंबू आणि शेंगाची चटणी, दक्षिणेला भाजी, पूर्वेला आमटीची वाटी. यात तसूभर फरक झाला की त्यांना घास जात नसे. काकू, म्हणजे त्यांच्या पत्नी, आम्हांला म्हणत, "लग्नात सप्तपदी चालताना यांनी भटजींना विचारलं होतं, पाऊल कुठल्या दिशेनं टाकायचं. तेव्हाच मी ओळखायला हवं होतं." काकू बोलत टाकून, पण चटणी कधी उत्तर सोडून गेली नाही. एकदा त्या दोघांना त्यांच्या मुलाने पुण्याला नेले. तो तिथे कचेरीत नोकरीला होता. थोड्याच दिवसांत मास्तर एकटे परत आले, काकू मागाहून आल्या. आम्ही विचारले तर म्हणाले, "त्या गावात उत्तरच नाही. बोळातनं निघावं उत्तरेला आणि पोचावं भलतीकडंच. लोकांना विचारलं तर म्हणतात, असं करा, डावीकडं वळा." यावर आम्ही सगळे हळहळलो.

सोलापूरची गोष्ट वेगळी होती. सोलापुरात मास्तरांना उभ्या गावाची दिशा कानांनी कळे. एकीकडून गिरणीचा भोंगा, पूर्व भागातून मागांची खटखट, तळ्याकडून सिद्धेश्वराच्या देवळाची घंटा. साऱ्या शहरात शहाण्यासारखे नाव ठेवलेला भाग म्हणजे पूर्व भाग, असे त्यांचे मत होते. नवी पेठेवर त्यांचा राग होता. "नवी म्हणजे काय? ही काय दिशा झाली?"

मास्तर इतके कानांवर का विसंबतात, हे आम्हांला सातवीत कळले. काकू आदल्याच वर्षी वारल्या होत्या आणि मास्तरांचे डोळे जात चालले होते. आधी ते पुस्तक डोळ्यांपाशी नेऊ लागले, मग पुस्तक नुसते उघडून वाचायला आम्हांला सांगू लागले, आणि एक दिवस व्यंकटेश आपली जागा सोडून मल्लप्पाशेजारी जाऊन बसला तरी मास्तर रिकाम्या पश्चिमेकडे बघत म्हणाले, "पश्चिम, सांग, नर्मदा कुठं मिळते?" व्यंकटेश पटकन आपल्या जागेवर सरपटत गेला आणि तिथून उत्तर दिले. त्या दिवसानंतर आमच्या वर्गात कुणी जागा बदलली नाही. बाहेर कुणाला काही बोलायचे नाही, हे कुणी कुणाला सांगावे लागले नाही. मास्तरांची नोकरी गेली की त्यांना मुलाकडे पुण्याला जावे लागणार होते. आणि तिथे उत्तर नव्हती.

पण गोष्ट हेडमास्तरांच्या कानावर गेलीच. ते मनाचे वाईट नव्हते, पण भित्रे होते. त्यांनी सांगितले, "दिपोटीसाहेब परीक्षेला येताहेत. तेच काय ते बघतील." शाळा तपासायला येणाऱ्या डेप्युटी इन्स्पेक्टरला तेव्हा सगळे दिपोटी म्हणत. ते आमच्या वर्गात येणार म्हटल्यावर आम्ही सगळे शाळा सुटल्यावर मैदानात जमलो. तिथे मल्लप्पाने तोड काढली. साहेब वर्गात फिरू लागले की ज्याच्याजवळ ते उभे राहतील त्याने खोकायचे. म्हणजे साहेब कुठे आहेत ते मास्तरांना कळेल आणि ते तिकडे तोंड करून बोलतील. आम्ही हे मास्तरांना सांगायला गेलो. ते म्हणाले, "खोकला कोरडा असू द्या. ओल्या खोकल्याची दिशा नीट लागत नाही."

साहेब आले. गोरेगोमटे, डोक्याला पगडी, अंगात लांब कोट आणि बोलणे मऊ. ते पूर्वेच्या दारातून आत आले तशी पूर्वेच्या तिघा भावंडांनी खोकून घेतले. मास्तरांनी तिकडे वळून झकास नमस्कार केला. साहेब आग्नेयेला गेले, आग्नेय खोकली. दक्षिणेला मल्लप्पा तर असा खोकला की शेजारच्या वर्गातले मास्तर डोकावून गेले. मास्तर बरोबर साहेबांच्या मागोमाग चेहरा फिरवीत होते आणि आमच्या छात्या अभिमानाने फुगत होत्या. साहेब थांबून म्हणाले, "या वर्गात डांग्या खोकल्याची साथ आहे काय?" मल्लप्पा उठून म्हणाला, "व्हय साहेब, लई हाय की. पर भूगोल येतो आमास्नी."

मग साहेबांनी खुर्ची मागवली आणि ते उत्तरेला, म्हणजे माझ्याजवळच, बसले. इथे घोटाळा झाला. उत्तरेकडून बघणाऱ्याला नकाशावरची नावे उलटी दिसणारच. साहेबांनी शिपायाला बोटाने खूण केली. शिपायाने नकाशा मुकाट उचलला आणि साहेबांना नावे सुलट दिसतील असा फिरवून पुन्हा अंथरला. मास्तर तेव्हा कोपऱ्यातून काठी आणायला गेले होते. नकाशाच्या दोन्ही टोकांना सारख्याच लाकडी दांड्या, त्यामुळे पायाने चाचपून काही कळण्याजोगे नव्हते. आम्हां सगळ्यांना दिसत होते आणि एकालाही बोलता येत नव्हते. सगळा वर्ग एकदम खोकला. पण आठी दिशांनी एकदम आलेल्या खोकल्यातून काय कळणार?

मास्तर ऐटीत आले, पायाने दांडी चाचपली आणि काठी लांबवून उत्तरेच्या टोकाला टेकवली. "हे काय आहे रे?" काठी सिंहलद्वीपावर होती. आम्ही सगळ्यांनी एका आवाजात सांगितले, "हिमालय!" साहेब वाकून बघू लागले. "मास्तर, इथं तर सिंहल लिहिलंय." मास्तर क्षणभर थबकले. दारातून कोवळे ऊन येत होते. त्यांनी चेहरा थोडा वळवला, गालावर ते ऊन घेतले, आणि अगदी शांतपणे म्हणाले, "मग आपण नकाशा फिरवला असेल, साहेब. हिमालय आहे तिथंच आहे."

दारातला शिपाई घाबरून बोलून गेला, "सायबांनीच फिरवाय लावला जी." डोळस माणसाला नकाशा फिरवलेला दिसला असता, हे साहेबांना कळायला वेळ लागला नाही. ते उठून मास्तरांपुढे जाऊन उभे राहिले आणि त्यांच्याकडे बघत राहिले. आमच्यापैकी कुणालाही खोकायचे भान राहिले नाही.

नंतर साहेबांनी एक विचित्र गोष्ट केली. त्यांनी आम्हां सगळ्यांना डोळे मिटून उभे राहायला सांगितले आणि प्रश्न विचारायला लागले. "काशी दाखवा. रामेश्वर दाखवा. मुंबई. अक्कलकोट." शेवटी म्हणाले, "आपापलं घर दाखवा." आम्ही मिटल्या डोळ्यांनी बोटे दाखवीत गेलो. साहेबांना काय दिसले ते मला माहीत नाही. डोळे उघडले तेव्हा त्यांनी पगडी काढून हातात घेतली होती. ते मास्तरांना म्हणाले, "असा वर्ग मी कुठं पाहिला नाही. पण मला डोळे आहेत, मास्तर. दिसलेलं मला न दिसल्यासारखं करता यायचं नाही." मास्तर म्हणाले, "बरोबर आहे साहेब. मीही पोरांना तेच शिकवलं असतं." साहेबांनी त्यांना वर्ष पुरे करू दिले, एवढे त्यांच्या हातात होते. आम्हांला त्या माणसाचा धड रागही करता येईना, याचेच आम्हांला फार वाईट वाटले.

उन्हाळ्यात मुलगा न्यायला आला. स्टेशनवर आम्ही सगळे गेलो होतो. फलाटावर हीऽ गर्दी, हमालांची आरडाओरड, इंजिनाचा फुसफुसाट. मास्तर डब्यापासून जरा अलीकडे उभे राहून गोंधळल्यासारखे इकडेतिकडे तोंड फिरवीत होते. आम्ही कुठे उभे आहोत ते त्यांना कळत नव्हते. तेव्हा मल्लप्पाने आम्हांला ढकलून आपापल्या दिशेला उभे केले आणि एकेकाने खोकायला सुरुवात केली. पूर्व, आग्नेय, दक्षिण, असे सगळे ओळीने. मास्तर प्रत्येक खोकल्याकडे वळून मान हलवीत होते. माझी पाळी आली तेव्हा मला खोटे खोकताच येईना. शिट्टी झाली आणि गाडी वायव्येला निघून गेली.

मधे बरीच वर्षे गेली. मल्लप्पा अक्कलकोटच्या रस्त्यावर सर्व्हिस मोटार चालवू लागला आणि उतारूंना "उत्तरेच्या अंगानं उतरा" सांगून छळू लागला. व्यंकटेश घरच्या मागावर बसला. मी कारकून झालो. एकदा कामानिमित्त पुण्याला गेलो असता मास्तरांच्या मुलाचे घर शोधून काढले. सूनबाई भली होती. ती दबक्या आवाजात म्हणाली, "भेटा, पण ओळखतील असं नाही. वयानं भ्रम झालाय. जेवताना आमटीत मीठ शोधतात, भिंतीवर जाऊन आपटतात. सारखं एकच विचारतात, उत्तर कुठं आहे. आम्ही तरी काय उत्तर देणार?"

आतल्या खोलीत मास्तर खाटेवर बसले होते. खूप वाळले होते. खोलीला एकच खिडकी, तीही बोळात उघडणारी. तिथून ऊन येत नव्हते आणि वाराही. मी दारातच थांबलो. नाव सांगावे की काय, असा विचार केला आणि मग नुसता खोकलो. कोरडा.

मास्तरांचा चेहरा वर झाला. "ईशान्य," ते म्हणाले. "धाकटा." मग लगेच हात पुढे करून, एखादे लेकरू पाणी मागते तसे म्हणाले, "अरे, इथं उत्तर कुठंय? कुणाला सांगताच येत नाही रे."

मी धावत अंगणात गेलो. ऊन कुठून येते ते बघितले, सावली बघितली, शाळेत जसे करत होतो अगदी तसे. परत येऊन त्यांचा हात धरला आणि भिंतीवर टेकवला. "ही उत्तर, मास्तर." ते भिंत चाचपत राहिले. त्यांनी आपणच वळून बोट दाखवले, "म्हणजे ही पूर्व. दार दक्षिणेला. हं." सूनबाईला मी पाट पूर्वेकडे मांडायला सांगितला आणि ताटात काय कुठे वाढायचे ते सांगितले. मास्तर जेवले. एकही घास चुकला नाही. चटणीकडे हात गेला तेव्हा म्हणाले, "शेंगाची नाही," पण तक्रार केली नाही. सूनबाई पदराने डोळे पुसत दारात उभी होती.

निघताना मी पाया पडलो. ते म्हणाले, "एक काम कर. खाट जरा फिरवून दे." मी विचारले, "कुठं तोंड करू, मास्तर?" त्यांनी माझी परीक्षाच घेतली. "पुण्याहून सोलापूर कुठं रे, ईशान्य?" मी म्हणालो, "आग्नेयेला." ते हसले. मी खाट आग्नेयेकडे वळवली. तिकडे नुसती कोरी भिंत होती, पण मास्तर तिच्याकडे तोंड करून असे बसले, जणू समोर सगळे दिसत होते, भोंगा, माग, देवळाची घंटा आणि सतरंजीवर बसलेली आम्ही पोरे. मी बाहेर पडताना तोंडाने काही बोललो नाही. उंबरठ्यावर एकदा खोकलो, आणि त्यांनी माझ्याकडे न वळता मान हलवली.

मास्तर जाऊन आता खूप वर्षे झाली. नोकरीपायी मी किती गावे फिरलो आणि किती परक्या खोल्यांत झोपलो. नव्या खोलीत शिरलो की ट्रंक खाली ठेवायच्या आधी मी उत्तर शोधतो. बायको आता हसत नाही. ती कंदील घेऊन शेजारी उभी राहते आणि विचारते, "सापडली का?" सापडली की मी त्यावरून सोलापूर कुठल्या अंगाला पडते ते काढतो, आणि रात्री तिकडे तोंड करून झोपतो.